गच्चीवरची येळवस

लग्न झालं त्या वर्षी आम्ही दोघं कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायचो. मग हळूहळू खाड्यांच्या शेजारी खुळं लिहायला लागलो. खूळ म्हणजे बाहेर कुणाला सांगितलं तर ‘तुम्हाला दुसरी कामं न्हाईत का’ असं ऐकून घ्यावं लागेल असा बेत. नियम एकच, दुसऱ्याच्या खुळाला निदान त्या दिवशी तरी हसायचं नाही. ‘मांजरा नदी पाटोद्याकडच्या उगमापासून लातूरपर्यंत, काठाकाठानं, स्कूटीवर’ हे माझं, अजून बाकी. ‘फक्त रबडी खायला मांजरसुंब्याला जाणे’ हे त्याचं. ते झालं, एसटीनं गेलो, रबडी खाल्ली, एसटीनं आलो. ‘एक रविवार घरात फक्त हिंदी सिनेमातल्या व्हिलनच्या भाषेत बोलणे’ हे दोघांचं, दुपारी सिलिंडरवाला आला तिथंच आटोपलं.

मी लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. नवरा बँकेत आहे. गाव त्याचं जालना, माझं निलंगा तालुक्यातलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, वर गच्ची, आणि भिंतीपलीकडे नीटची तयारी करणाऱ्या पोरांचं होस्टेल. आमच्या गल्लीत तशी चारपाच होस्टेलं आहेत, पण हे गच्चीला गच्ची लागून. त्याचा पुढे संबंध येतो.

तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॅलेंडरवर त्याच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं : ‘येळवस गच्चीवर. घरच्या ज्वारीत.’

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडे आणि तिकडं बीदर भागात हा सण दिवाळीच्या बरोबरीनं होतो, किंबहुना काकणभर जास्तच. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबिल, उंडे, खीर यांच्यावर पडायचं. लातूर शहरातली दुकानंसुद्धा त्या दिवशी बंद असतात. जालन्याच्या माणसाला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसीला त्याला आमच्या रानात नेलं, तेव्हा जावईबापू कोपीपुढं उभे राहून चारी दिशांना बघत होते. चहूकडे हरभरा. त्यानं अगदी सरळ मनानं माझ्या वडलांना विचारलं, “अण्णा, ज्वारी कुठंय?”

अण्णा म्हणाले, “दुकानात.”

कोपीचा कडबासुद्धा त्या वर्षी विकत आणला होता. आमच्याकडे आता सोयाबीन निघालं की हरभरा, नाहीतर ऊस. ज्वारीच्या काढणीला, खुडणीला माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर परवडत नाहीत. एकट्यानं ज्वारी पेरली तर पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याच रानात येतात, हे अण्णांचं दुसरं कारण. दोन्ही खरी आहेत. पण नवऱ्याच्या डोक्यात ते ‘दुकानात’ अडकून बसलं असणार.

मी नियम पाळला, त्या दिवशी हसले नाही. दुसऱ्या दिवशी हसायला गेले तर तो वही काढून पिशव्यांचं गणित मांडत होता.

“गच्चीवर ज्वारी? कोण पेरतं?”

“कामून नाही? लोक गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावतेत.”

याला उत्तर नव्हतं.

पहिला अडसर घरमालक. काका निवृत्त मास्तर आहेत, स्वभावानं मऊ, भाडं दोन दिवस उशिरा दिलं तर विचारतसुद्धा नाहीत. म्हणून मी गणपती विसर्जनानंतर एका संध्याकाळी सहज गेल्यासारखी गेले आणि सांगितलं की गच्चीवर थोडी माती न्यायची आहे. काकांचा चेहराच बदलला. म्हणाले, “माती गच्चीवर न्यायची न्हाई.”

त्यांचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या आसपासचं. हे मला माहीत होतं, पण त्याचा ज्वारीशी संबंध जोडण्याइतकी मी कधी थांबले नव्हते. काकूंनी चहा टाकला आणि काका बोलत राहिले. त्या भागातली जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं, आणि त्यावर वीतभर, हातभर मातीचा थर. गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची, असं वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात आत गार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा लोक आदल्या रात्रीचं विसर्जन करून नुकते झोपले होते. भिंती सुटल्या आणि ती सगळी माती खाली आली. लातूर आणि धाराशिव मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. “धक्क्यानं कमी, मातीनं जास्त,” काका म्हणाले. “मी उकरलंय, पोरी. घमेल्यानं उकरलंय.”

मी चहा पिऊन परत आले. नवऱ्याला सांगितलं, खूळ खोडून टाक. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी तोच काकांकडे गेला आणि म्हणाला, “काका, माती किती चालंल ते आपण इंजिनियरला विचारू. तो नाही म्हणाला तर विषय बंद.” काकांचा भाचा बांधकामावर साइट इंजिनियर आहे. त्यालाच बोलावलं, म्हणजे आमची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको.

भाच्यानं कागदावर दोन मिनिटांत आमचं शेत पाडलं. माणसं वावरतात अशा गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजन येईल असं धरून स्लॅब टाकतात. ओली काळी माती एक चौरस मीटरवर फूटभर पसरली तर ती एकटी पाचशे किलोच्या घरात जाते. आमच्या मनात मधोमध वाफा होता, त्यात कोप होती, भोवती डोलणारी ज्वारी होती. भाचा म्हणाला, डोलंल, पण खालच्या हॉलमध्ये.

मग त्यानंच मार्ग सांगितला. वाफा नाही, पिशव्या. मातीचं प्रमाण कमी, शेणखत आणि कोकोपीट जास्त. पिशव्या मधे नाही, खालच्या भिंतींवरून बीम गेलेत त्या रेषेत, तेही एकमेकींना खेटून नाही. पाणी साचू द्यायचं नाही. काकांनी हे सगळं भाड्याच्या पावतीच्या मागे मास्तरी अक्षरात अटी म्हणून लिहून काढलं आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. शेवटच्या दोन अटी त्यांच्या स्वतःच्या : ‘पावसाळ्यापूर्वी सर्व माती खाली नेणे. भूकंप झाल्यास प्रथम खाली पळणे, ज्वारीचे नंतर पाहणे.’

माती अण्णांनी दिली. विकतची माती घेऊ म्हटल्यावर ते फोनवर इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं रेंज गेली. भावानं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून लातूरला येणाऱ्या टेम्पोत टाकली. ती दोन जिने चढवताना होस्टेलची पोरं मदतीला आली, कारण त्यांना वाटलं आम्ही घर बांधतोय.

बियाण्यावरून आमचं भांडण झालं. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं आणि त्या बातमीनं याची छाती अजून खाली आली नव्हती. “दगडीच लावायची. आमची भाकरी बघ तीनतीन दिवस टिकती.” पण आम्हाला भाकरी करायची नव्हती, हुरडा खायचा होता. हुरड्याचं तंत्र वेगळं. दाणा गोड हवा, मऊ हवा आणि हातावर कणीस चोळलं की कोंड्यातून सहज सुटायला हवा. कोंडा घट्ट धरून बसणारं वाण असलं तर अर्धा हुरडा आणि अर्धा भुसा खावा लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचं वाण आहे, राहुरीचं ‘फुले उत्तरा’ आहे, आणि जुन्यातलं गूळभेंडी आहे. मावशीच्या सासरी गूळभेंडीची चारदोन कणसं दरवर्षी बियाण्याला म्हणून माळवदाच्या कडीला टांगलेली असतात. तिथून मूठभर आलं. जालन्याची समजूत काढायला एका पिशवीत दगडी लावायची असं ठरलं. तहात एवढं द्यावंच लागतं.

घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, पेरणी केली. तसं रब्बी ज्वारी पेरायला सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य चालतो, त्यामुळे मुहूर्त आणि हंगाम दोन्ही साधले. खाली काकूंच्या घटात धान्य रुजत होतं आणि वर आमचं. बियाण्याला गंधक चोळलं, कारण कणसाची काजळी, म्हणजे काणी, बियाण्यातूनच येते. एका पिशवीत बोटभर खोल पाचसहा दाणे टाकले. चौथ्या दिवशी हिरव्या सुया वर. नवरा ऑफिसला निघताना वर जाऊन यायचा, आल्यावर शर्ट न बदलता वर जायचा. त्याच्या बुटांना माती लागलेली बघून बँकेत कुणीतरी विचारलं, शेती घेतली का? हा म्हणाला, हो, दुसऱ्या मजल्यावर.

विरळणीच्या वेळी उपटलेली रोपं दूधवाल्या मामांना म्हशीसाठी द्यावीत असं मला वाटलं. बरं झालं आधी अण्णांना फोन केला. म्हणाले, “कवळी ज्वारी जनावराला घालू नको, मरंल.” हे मी पुस्तकातही वाचलेलं, की कोवळ्या ज्वारीच्या पानात धुरिन असतं, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पण अण्णांच्या तोंडून ऐकल्यावर त्याला एक म्हैस मिळाली. रोपं कुंडीत पुरली.

मग पोंगे वाळायला लागले. बाजूची पानं हिरवी आणि मधला पोंगा पिवळा, ओढला की सुळकन हातात येतो आणि बुडाला घाण वास. पोंगेमर. खोडमाशीची अळी आत शिरून वाढीचा कोंबच खाते. शेतकऱ्याच्या पोरीला हे बघून वाईट वाटतं, जीवशास्त्रवालीला जरा उत्सुकताही वाटते, आणि जालन्याच्या माणसाला सरळ राग येतो. तो यूट्यूबवर रात्री एक वाजेपर्यंत कीटकनाशकं बघत बसला. मी फवारू दिलं नाही. चार-पाच फुटांवर पोरं अभ्यास करतात आणि शेवटी ती ज्वारी कोवळीच खायची आहे. मेलेले पोंगे काढून टाकले, निंबोळी अर्क मारला, आणि मेलेल्या रोपांच्या बुडातून फुटवे आले ते राहू दिले. पिशव्यांपैकी काही गेल्या. दगडीवाली टिकली, आणि याचं तोंड तीन दिवस बंद झालं नाही.

पाणी हा आमच्याकडे स्वतंत्र विषय असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी कॉलेजात होते, त्या गाडीला हार घातलेले अजून डोळ्यांपुढे आहेत. तेव्हापासून नळाखाली हात धुताना माझा हात आपोआप आखडतो. त्यामुळे ज्वारीला नळाचं पाणी नाही, हे मी आधीच जाहीर केलं. खरं तर रब्बी ज्वारी ही बिनपाण्याचीच. खोल काळ्या जमिनीत पावसाची जी ओल मुरलेली असते तिच्यावर ती जानेवारीपर्यंत काढते. पण आमच्या पिशवीला खोली किती? दीड फूट. म्हणून तांदळाचं धुण, भाज्यांचं पाणी, काकूंच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, सगळं बादलीत. काकूंनी ‘तुमची ज्वारी तहानली असंल’ म्हणून स्वतःहून बादल्या भरून ठेवायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं की खालचा मजला आता आपल्या बाजूनं आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जिन्याकडच्या रांगेत पोटरी फुगायला लागली होती, म्हणजे आत कणीस तयार होत होतं. होस्टेलकडच्या रांगेत काहीच नाही. नुसती उंच, हिरवीगार, बिनकामाची. माती तीच, बी तेच, पाणी तेच. नवरा म्हणाला, तिकडच्या पोरांची नजर लागली.

नजर नव्हे, पण पोरांचाच संबंध होता. एका संध्याकाळी कठड्यापलीकडून एक मुलगा, माझ्याच बॅचचा, ओरडला, “मॅडम, ज्वारी शॉर्ट डे प्लांट आहे ना? आमचा फ्लडलाइट तिच्या अंगावर आहे!”

होस्टेलच्या गच्चीवर रात्री पोरं अभ्यासाला बसतात म्हणून तिथं मोठा दिवा आहे, रात्री एक-दीडपर्यंत चालू. ज्वारीला फुलायला लांब रात्र लागते. दिवस लहान झाला म्हणजे तिला कळतं की हंगाम आला. आमच्या त्या रांगेला मात्र ऑक्टोबरपासून रात्र मिळालीच नव्हती. हा धडा मी दरवर्षी शिकवते, त्यात शेवंतीचं उदाहरण देते. शेवंती कुणी खात नाही, म्हणून बहुधा कुणाच्या लक्षात राहत नसावी.

आता करायचं काय? नवरा म्हणाला, होस्टेलवाल्याला सांगू, दिवा बंद कर. मी म्हणाले, वेडा आहेस का? त्या पोरांच्या आयांनी शेत गहाण ठेवून फी भरलीय, आणि आपण हुरड्यासाठी दिवा मालवायला सांगणार? यावर आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, रात्री दीडपर्यंत जागून कुणी डॉक्टर होत नाही. माझं म्हणणं, ते आपण ठरवायचं नाही. शेवटी त्यानं माळ्यावरून माझ्या आईच्या जुन्या इरकली काढल्या, चार बांबू रोवले, आणि संध्याकाळी सहा वाजले की होस्टेलच्या बाजूनं पडदा बांधायला सुरुवात केली. सकाळी सोडायचा. ज्वारीला झोपवायला जातो, असं तो म्हणायचा. वाऱ्यानं गाठी सुटायच्या तेव्हा पलीकडची पोरं बांधून द्यायची. एकदा मी रात्री वर गेले तर दोघं जण पडद्याच्या अंधाऱ्या बाजूला बसून घरी फोनवर बोलत होते. मी पाणी न घालता खाली आले.

दाणे भरायला लागले आणि पाखरं आली. चिमण्या लातुरात उरल्या नाहीत असं जे म्हणतात त्यांनी आमच्या गच्चीवर यावं. पोपटांचं तर काय सांगू, ते कणीस खात कमी, पाडत जास्त. गोफण गल्लीत चालणार नाही, समोर काचांच्या खिडक्या. बुजगावणं केलं, त्याला नवऱ्याचा लग्नातला सूट घातला. (तो सूट त्यानं लग्नात दोन तास घातला होता, नंतर त्यात तो मावला नाही.) चिमण्या सुटाच्या खांद्यावर बसून खायच्या. मग मलमलच्या जुन्या ओढण्यांचे तुकडे करून कणसांना पिशव्या शिवल्या, हा एकच उपाय चालला. काही कणसं मात्र मुद्दाम उघडी सोडली. अण्णांनी तेवढं बजावून सांगितलं होतं, पाखराचा वाटा ठेवावा.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी होती, पण बँकेला येळवस नसते, त्यामुळे नवऱ्यानं रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘शेतीकाम’ लिहिलं. साहेब लातूरचे, त्यांनी न विचारता सही केली. मी गावाकडे कळवलं की या वर्षी तुम्हीच आमच्याकडे या. आई म्हणाली, रान सोडून येळवसीला शहरात? अण्णा काही म्हणाले नाहीत. सकाळी आठला दोघंही दारात, अण्णांच्या खांद्यावर कडब्याच्या पाच पेंढ्या.

कोप अण्णांनी बांधली. मी आणि नवऱ्यानं आधी प्रयत्न केलेली कोप त्यांनी एका हातानं उचलून बाजूला ठेवली. आई डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन दोन जिने चढली, बिंदग्याखाली घोंगडं टाकून. लिफ्ट नाही म्हणून नव्हे, बिंदगं डोक्यावरूनच न्यायचं असतं म्हणून. आंबिल म्हणजे ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं, गार झालं की ताक, लसूण, जिरं, मीठ. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे पुण्यामुंबईकडच्यांसाठी. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी-पालकासारख्या पालेभाज्या, रानात जे जे असेल ते, चिंचेच्या कोळात आणि बेसनात एकत्र शिजवतात. आमच्या तालुक्यात पानचिंचोलीची चिंच असताना दुसरी वापरणं म्हणजे पापच. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. काका-काकू वर आले. काका आधी बीमच्या रेषेकडे बघून मग पाटावर बसले.

पूजा झाली. पांडवांभोवती आंबिल शिंपडत फिरताना अण्णा म्हणतात, “वलगे वलगे सालम पलगे.” गावागावात हे शब्द थोडे वेगळे ऐकू येतात आणि अर्थ विचारला तर सगळे मोठ्यांकडे बोट दाखवतात. कठड्यापलीकडे पोरं रांगेनं उभी होती. कुणी नाशिकचं, कुणी यवतमाळचं, कुणी सांगलीचं. त्या दिवशी त्यांच्या मेसवाल्या मावशी त्यांच्या रानात गेल्या होत्या आणि पोरांना बिस्किटाचे पुडे देऊन गेल्या होत्या. आईला हे कळल्यावर तिनं सगळ्यांना इकडे बोलावलं. गच्चीवरून गच्चीवर यायला कठड्याला पाय टाकावा लागतो. काका ओरडले, “जिन्यानं या! जिन्यानं या!”

दूध उतू घातलं. नवीन सुगडात दूध तापवायचं आणि ते कुठल्या अंगाला उतू जातं ते बघायचं, त्या अंगाचं पीक-पाणी चांगलं. दूध होस्टेलच्या बाजूला गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता हुरडा. इथं सांगायला हवं की ज्वारी पुरती तयार नव्हती. जिन्याकडच्या रांगेतली थोडीच कणसं चिकात आली होती, बाकीची दुधातच, म्हणजे दाणा दाबला की पांढरं पाणी. हुरड्याला दाणा दुधातून निघून चिकात यावा लागतो, नखानं दाबला तर मऊ लागावा पण फुटू नये. अण्णांनी रांगेतून फिरून ओढण्या वर करकरून कणसं निवडली. आगटी खड्डा करून पेटवतात. आम्ही लोखंडी घमेल्यात वाळू घालून त्यावर दूधवाल्या मामांच्या गोवऱ्या रचल्या. निखारा झाला की कणीस खुपसायचं, बाहेर काढून गरम गरम हातावर चोळायचं. नवऱ्यानं पहिलंच कणीस चोळताना हात भाजून घेतला आणि दाणे सगळ्यांच्या ताटात उडाले. एका कणसाचा हुरडा मूठभर निघतो. माणसं वीसच्या पुढे. प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर आला असेल, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. यवतमाळच्या पोराला वाटलं हे चाखायला दिलंय, मुख्य अजून यायचंय.

संध्याकाळी रानाभोवती कडब्याचा हेंडगा पेटवून फिरवतात. गच्चीवर पेटता कडबा काकांना चालला नसता, आणि त्यांचं बरोबरच होतं. नवऱ्यानं मोबाइलचा टॉर्च लावला, आणि तो पुढे, पोरं मागे, अशी पिशव्यांभोवती फेरी झाली. अण्णा हे बघत कोपीला टेकून बसले होते. आईनं मला विचारलं, “जावई बँकेत खरंच जातेत ना?”

खरा हुरडा संक्रांतीच्या आसपास झाला, जेव्हा इरकलीमागची रांगही चिकात आली. त्या आठवड्यात आम्ही रोज संध्याकाळी पाचसहा कणसं भाजायचो, आणि भाजायची वेळ पोरांना बरोबर कळायची. त्या दगडीच्या पिशवीचा हुरडा मी खाऊन बघितला. दाणा कोंडा सोडत नव्हता. मी काही बोलले नाही, नवरा चघळत राहिला आणि म्हणाला, चव आहे. सगळं संपल्यावर त्यानं बँकेच्या सवयीनं खर्चाचा तक्ता केला. पिशव्या, कोकोपीट, खत, बांबू, टेम्पोवाल्याचे, एक दिवसाची रजा. भागिले हुरडा. मग तो तक्ता त्यानं मला दाखवला नाही.

कडबा दूधवाल्या मामांनी नेला आणि दोन दिवस दुधाचे पैसे घेतले नाहीत. कॅलेंडरवर खाड्याच्या चौकटीत काय लिहावं असा प्रश्न पडला, शेवटी ‘कडबा’ लिहिलं. मार्चमध्ये काकांनी पावतीच्या मागची अट काढून दाखवली. माती कुठं टाकायची म्हणून मी अण्णांना फोन केला, तर ते म्हणाले, टाकायची कशाला, रानाची हाय, रानात आणा. पुन्हा तीच सिमेंटची पोती, तोच टेम्पो, पुन्हा होस्टेलची पोरं, आता सरावलेली.

दोन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. माती बांधाला पसरली म्हणाले. पण तुमच्या मातीत नारळाचा भुस्सा निघाला, तीन पेनाची टोपणं निघाली, आणि एक कागद निघाला, त्याच्यावर नुसते गोल गोल हायेत, काही काळे केलेले, काही तसेच. तो ठिवायचा का फेकायचा?